बळीरामचा अंगठा

सत्यवती उंबऱ्याबाहेरच बसली आणि म्हणाली, "मालक, यांचा अंगठा असन तुमच्यापाशी. तेवढा द्या."

विष्णुपंतांना क्षणभर काही उमगेना. मग आठवलं. त्यांची मागची खोली भाड्यानं घेताना तिच्या नवऱ्यानं, बळीरामनं, भाडेचिठ्ठीवर अंगठा उठवला होता. पुढं तो खच्चरांच्या पलटणीबरोबर बसऱ्याच्या लढाईवर गेला, आणि सत्यवती खोली सोडून पनागरला भावाकडं गेली.

"आता कशाला गं तो?"

"लढाई संपून वर्ष झालं. सरकार म्हणते, सापडत नाही. भटजी म्हणते, दर्भाचा पुतळा करून अग्नी देऊ. पण गवताच्या पुतळ्याले मी नवरा कशी म्हणू? यांचं काहीतरी पाहिजे ना त्यात! घरात फोटो नाही, अंगरखा नाही. म्हटलं, तुमच्याकडं अंगठा तरी असन."

पंतांनी मान खाली घातली. जबलपुरातले बाकीचे घरमालक, भाडेकरू गेला की त्याचे कागद वाण्याला पुड्या बांधायला देत. पंतांचं सोवळं मात्र कागदापर्यंत पोचलेलं. माथ्यावर 'श्री' लिहिलेला कागद रद्दीत कसा जाणार? तीन वर्षं सांभाळायचा, मग नर्मदेत सोडायचा, हा त्यांचा नेम. चारचौघांत तो मिरवायचेही. आज पहिल्यांदाच त्यांना त्या नेमाची लाज वाटली.

"नाही गं राहिला तो," ते कसेबसे म्हणाले. "गेल्या संक्रांतीला ग्वारीघाटावर सोडून आलो. चुकलंच माझं. आणखी थोडे दिवस ठेवला असता तर काय बिघडत होतं!"

आता ही रडणार, असं त्यांना वाटलं. ती रडली नाही.

"नर्मदामैयात सोडला? तुमच्या हातानं?"

"हो."

"फूल वाहिलं होतं?"

"फूल, हळद-कुंकू, सगळं. हातही जोडले."

"मग झालंच की हो त्यांचं सगळं," ती हळूच म्हणाली. "अन् मी इकडं वाट पाहून राहिली." तिनं पदराचं टोक कपाळावर दाबून धरलं, आणि कुंकू पुसलं.

आत पंतांच्या पत्नीला, भानुमतीबाईंना, यातलं काहीच ऐकू गेलं नव्हतं. जुनी भाडेकरीण दारी आली, सवाष्णीला तशीच कशी पाठवायची, म्हणून त्या लगबगीनं करंडा घेऊन बाहेर आल्या. बोटावर कुंकू घेऊन तिच्यापुढं वाकल्या.

"राहू द्या, बाई," सत्यवती म्हणाली.

बोटावरचं कुंकू आता कुठं पुसावं, ते भानुमतीबाईंना कळेना.