पांढऱ्या नमद्याचा चौथा कोपरा

आमच्यात नवा खान पांढऱ्या लोकरी नमद्यावर बसतो आणि घरच्याच चौघांनी चार कोपरे धरून त्याला उचलायचं असतं. परक्याचा हात चालत नाही. गेलेल्या खानाला चारच मुलगे, चौघेही माझ्या दुधावर वाढलेले. थोरला एल्बुगा खान होणार, धाकटे तिघे तीन कोपरे धरणार आणि चौथा त्यांचा काका.

त्या दुपारी काकाचा घोडा वाटेत लंगडला.

"थांबा रे, म्हाताऱ्याला येऊ दे," मी ओरडले.

"दाई, दूध पाजलंस तेवढं पुरे, आता राज्य नको चालवूस!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

तेवढ्यात नमदा वर गेला, एकही कोपरा न लवता. "खान! खान!" म्हणत लोकांनी टोप्या उडवल्या.

मी कोपरे धरणाऱ्यांची तोंडं पाहिली. तोगान. यारूक. कुतलुक. आणि चौथ्या कोपऱ्याला, घामाघूम झालेला एल्बुगा.

"अरे, तू खाली काय करतोयस?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "असं काय करतेस, दाई? भाऊ खान होतोय, मग कोपरा कोण धरणार?"

मुलांची आई, आमची खातून, शेजारीच उभी होती. तिनं माझा दंड घट्ट धरला. "दाई, मला पाच झाले होते का गं?"

नमद्यावरचा खाली वाकला. चेहरा अगदी गेलेल्या खानाचा. माझ्याकडे बघून तो हळूच म्हणाला,

"दाई, माझ्या वाटचं दूध कुणाला पाजलंस?"