घरात ओल आहे

भोरच्या एसटी स्टँडमागची ताडपत्री निघाली, जागा मोकळी झाली, कुणाची काही तक्रार नाही. सरकारदरबारी तसं कळवण्यात आलं. आपण मात्र ते ऐकलंच नाही असं धरू.

कारण त्या संध्याकाळी ताडपत्री जागेवरच होती आणि तिच्यापुढं जागा मोकळ्या करणाऱ्या पथकाचा साहेब उपेंद्र उभा होता. शहरात नवा नियम आला होता : सार्वजनिक जागेत रात्रीचा मुक्काम बंद. घर असेल त्याला सरकारी गाडीनं मूळ गावी सोडायचं, नसेल त्याला निवाऱ्यात. बायकांचा निवारा भोरात, पुरुषांचा कापूरहोळला.

"आत कोण आहे, आजी?"

"आमचं म्हातारं." बनाबाई तोंडाशीच आडवी बसली होती. "हळू बोला. निजलंय."

आत भिंतीला टेकून, डोक्यापासून घोंगडं पांघरलेलं. बसूनच झोपायची सवय दिसत होती.

"निवाऱ्यात दोघांना वेगळं राहावं लागेल."

"मग त्येला आंघोळ कोण घालंल? एक घास हातानं खात न्हाई. तुमी घालताय का?"

उपेंद्रनं विषय बदलला. "आधार कार्ड?"

"माझं हाय. त्येचं न्हाई. बोटांचे ठसेच उमटत न्हाईत."

उपेंद्रनं समजुतीनं मान हलवली. कष्टकऱ्यांचं असं होतं, हे त्याला प्रशिक्षणात सांगितलं होतं.

"गावाला घर आहे?"

"हाय की. दगडी. एक चिरा हललेला न्हाई."

"मग राहत का नाही तिथं?"

"ओल लई हाय."

"शेजारीपाजारी?"

"नवे आल्यात. बोलत न्हाईत."

उपेंद्रला हुरूप आला. ओलीवर उपाय असतात. "आजच सोडतो, दोघांनाही एकत्र. कुठलं गाव?"

"तुमच्या ड्रायव्हरला इचारा. आमच्याच भावकीतला हाय."

ड्रायव्हर धनाजी चपला गाडीत ठेवून आला होता आणि खाली मान घालून उभा होता.

"पर त्येला इचारल्याबिगर म्या हलायची न्हाई," बनाबाई म्हणाली. "त्यो न्हाई म्हणला तर मला उचलून न्या, जावा. दिवेलागणीला उठतंय."

सगळे थांबले. हमाल ताडपत्रीपुढून जाताना ओझ्यासकट वाकत होते. उपेंद्रला वाटलं, पाठीचा त्रास असेल.

मग बनाबाईनं दिवा लावला. स्टँडवरचा गलका हळूहळू बसला. वेल्ह्याच्या गाडीच्या ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. बनाबाईनं घोंगडं मागं सारलं.

शेंदरानं माखलेली काळी शिळा. त्यात चांदीचे दोन डोळे, उघडे, थेट उपेंद्रवर.

आपले बूट पायात आहेत हे उपेंद्रला तेव्हा जाणवलं. त्यानं ते काढले, मोज्यांसकट.

बनाबाईनं झेंडूच्या दोन पाकळ्या ओल्या करून शिळेला चिकटवल्या. डावी पडली तर नाही, उजवी पडली तर होय.

"देवा, साहेब घरी सोडतो म्हणत्यात. जायाचं का?"

वारा नव्हता. हमाल नाही, कंडक्टर नाही, कुणीच हललं नाही. उपेंद्रनं आयुष्यात कुठल्याच उत्तराची एवढी वाट बघितली नव्हती.

उजवी पाकळी सुटली आणि सावकाश खाली आली.

"व्हय म्हणला," पाकळी कपाळाला लावत बनाबाई म्हणाली. "आजवर किती येळा इचारलं. पयल्यांदा व्हय म्हणला."

धनाजीनं उपेंद्रच्या कानात गावाचं नाव सांगितलं, आणि ते कुठं आहे तेही.

उपेंद्रनं एकदा त्या डोळ्यांकडं बघितलं. मग अनवाणीच सावधान उभं राहून त्यानं वरिष्ठांना फोन लावला.

"सर, दोन इसम नियमानुसार मूळ गावी जाण्यास राजी आहेत, गाडीही तयार आहे. तरी धरण तात्काळ रिकामं करण्यात यावं, ही नम्र विनंती."