गाळलेली ओळ

चर्चमध्ये पाठ वाचताना सुग्रीव मास्तरांनी एक ओळ गाळली आणि कडूबाईनं ती नेमकी पकडली.

"मास्तर, बायांचं न्हाई वाचलं तुमी," ती मागच्या सतरंजीवरून म्हणाली.

तिला वाचता येत नव्हतं. पण वीस वर्षं ईस्टरचे पाठ ऐकून ऐकून ते तिला तोंडपाठ झाले होते, आणि मास्तरांना हे चांगलं ठाऊक होतं. तरी त्यांनी नशीब अजमावून पाहिलं. त्याचं कारण पुढच्या खुर्चीवर बसलं होतं, गळ्यात हार घालून. पाणी सोसायटीचे चेअरमन अर्जुनराव. चर्चवरचे पत्रे त्यांनीच दिलेले. चौसाळ्याकडून चौथ्या दिवशी येणारा टँकर ख्रिस्ती वस्तीवर थांबवायचा की पुढं पिटाळायचा, हेही त्यांच्याच हातात. म्हणून ईस्टरनंतरच्या या रविवारी त्यांचा सत्कार ठेवला होता.

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. सोसायटीच्या विहिरीनं तळ गाठला, आत कुणी पडेल, असं सांगून अर्जुनरावांनी तिच्यावर पत्रे टाकले, कुलूप ठोकलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. वस्ती नदीच्या पात्रात झिरे खणून वाटीवाटीनं गढूळ पाणी भरत होती. पोरं जुलाबानं पार गळून गेली होती. गुरुवारी पहाटे झिऱ्याकडं जाताना कडूबाईला पत्र्याखालून मोटारीची घरघर ऐकू आली. तिनं फटीतून खडा टाकला. डुबुक! पाणी होतं. आणि पाइप अर्जुनरावांच्या मोसंबीच्या बागेकडं गेला होता.

ती धावत वस्तीत आली. पुरुष हसले. "सपान पडलं असंल हिला," म्हणाले. मास्तर हसले नाहीत, पण "ह्ये कुठं बोलू नको बाई," एवढं म्हणाले. तेव्हापासून त्यांना स्वतःची लाज वाटत होती. पण लाज वाटली म्हणून माणूस लगेच सुधारतो थोडाच! त्यांनी सोयीस्करपणे ओळ गाळली.

"काय राह्यलं वाचायचं?" अर्जुनरावांनी विचारलं.

कडूबाई उठून उभी राहिली. "येशूच्या कबरीवरची धोंड सरकलेली पैल्यांदा बायांनी बघितली, साहेब. पहाटं. पळत येऊन त्यांनी सांगितलं, तर शिष्य, समदे बाप्ये, म्हणले, बायांची बडबड हाय. त्ये राह्यलं."

सतरंजीवर चुळबुळ झाली. गुरुवारी हसलेल्यांनी माना खाली घातल्या.

"मंग मास्तर, बडबड म्हणून समदेच बसून राह्यले का? का कुणी बघाया गेलं?"

उत्तर मास्तर तीस वर्षं वेदीजवळ उभे राहून सांगत आले होते. आज पहिल्यांदाच ते सांगायची भीती वाटली. टँकर बंद झाला तर? पोरं काय पितील? आणि आता काय पितात? या विचारासरशी त्यांना स्वतःचाच संताप आला.

"एक जण गेला," ते मोठ्यानं म्हणाले. "येशूचा शिष्य पेत्र. उठला आन् धावत सुटला."

"बास झालं." अर्जुनरावांचा हात नकळत किल्लीच्या खिशाकडं गेला. "फुकाचं बोलू नका, मास्तर. पुढचं वाचा."

मास्तर वेदीच्या पायरीवरून खाली उतरले. उघडंच पवित्र शास्त्र त्यांनी अर्जुनरावांच्या मांडीवर ठेवलं आणि धोतराचा सोगा कमरेला खोचला.

"पुढचं तुमी वाचा, चेअरमनसाहेब. मी विहिरीवर पळतो."