मोकळी जागा

तिरडी उचलली, आकारामने हलगीवर पहिले चार ठोके टाकले आणि पाचव्यालाच त्याला कळलं, हात चुकतोय.

तिरडीवर त्याचे वडील होते, आप्पा. पन्नास वर्षं गावातल्या प्रत्येक मयताला त्यांनीच वाजवलेलं. शेवटच्या वाटेची त्यांची चाल म्हणजे चार संथ ठोके, मग मोकळी जागा, मग पुन्हा चार. "त्या मोकळ्या जागंत गेलेलं माणूस एकदा मागं वळून बघतंय," आप्पा सांगायचे. "तेवढा येळ त्याला द्याचा." आज तो वेळ आप्पांना द्यायचा होता, आणि द्यायला आकारामशिवाय गावात दुसरं कुणी नव्हतं.

पण मोकळी जागा आली की त्याच्या हातातली काडी तिथे तीन झटपट ठोके भरून मोकळी होई. खांदेकऱ्यांची पावलं लगबगत. तिरडी हेलकावे खाई.

"आकाराम!" पुढून खांदा दिलेले हंबीरराव ओरडले. "म्हाताऱ्याला काय वडगावची एसटी गाठायची हाय व्हय? सावकाश वाजीव की!"

ते तीन ठोके सिनेमावाल्यांचे होते. दोन वर्षांपूर्वी ते गावच्या पारावर गाणं करायला आले आणि म्हणाले, अंगावर काटा येईल असं काहीतरी वाजवा. आकारामने हौसेने हीच चाल वाजवून दाखवली. मधली जागा रिकामी वाटते म्हणून त्यांनी ती भरून घेतली. गाणं एवढं चाललं की त्याच्याशिवाय वराती हलेनात. पाराला 'शूटिंग पॉइंट' अशी पाटी लागली. दर रविवारी गाड्या भरून माणसं यायची, आकाराम फेटा बांधून वाजवायचा, ती नाचायची. मयताला मात्र आप्पाच जायचे. "एकदा माझ्यासंगं चल. हात बसलेला ऱ्हाऊदे," असं ते म्हणत, आणि आकाराम म्हणे, "पुढच्या खेपंला नक्की."

पुढची खेप ही होती.

शेजारी हलगीच्या जोडीचं घुमकं वाजवणारा करीम त्याच्या कानाशी आला. लहानपणापासूनचा जोडीदार; त्याला सगळं कळत होतं.

"मी थांब म्हणलं की थांब. बाकीचं इसर."

करीम चौथ्या ठोक्याला "थांब" म्हणे आणि हात पुढे पळे. पुन्हा "थांब", पुन्हा तेच. आकारामने दात आवळले; ते मनगटच दातात धरून ठेवावं असं त्याला वाटलं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथे मेला होता बाप आणि खोड होती लेकाच्या हाताला.

नदीची वाट पारावरूनच जाते, आणि त्या दिवशी रविवार होता.

वळणाआडून हलगी ऐकू आली तसे पारावर बसलेले पाहुणे टाळ्या पिटत उठले. त्यांना आधी आकारामच दिसला. तिरडी अजून मागे होती. "हलगीवाले काका आले!" कुणीतरी ओरडलं. मोबाईल वर झाले. पाचसहा जणांनी हात उंचावून ठेका धरला आणि प्रत्येक चौथ्या ठोक्यानंतर शिट्टी मारली, अगदी सिनेमातल्यासारखी.

मग तिरडी वळणावर आली.

नाचणारे जागच्या जागी थिजले. एका मुलीने घाईघाईने मोबाईल खाली केला आणि हात जोडले. "सॉरी काका. आम्हाला वाटलं, तुमचं नेहमीचंच आहे."

आकारामला तिचा राग आला असता तर बरं झालं असतं. पण ती खोटं काय बोलली होती? त्याने जे वाजवलं त्यावरच ती नाचली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने हलगी खाली घेतली.

तिथून पुढे नुसती पावलं वाजत राहिली. हंबीररावांचा आवाज आता उतरला होता.

"आप्पास्नी असं मुकं न्हिऊ नगं, बाबा. माझ्या आईला त्यांनी भर उन्हात नदीपतोर वाजवत न्हेलतं. पायात चप्पल नव्हती त्यांच्या."

"मला जमंना, हंबीरतात्या."

विसाव्याला, खांदे बदलायच्या जागी, तिरडी टेकवली. आकाराम तिच्यापाशी गुडघ्यावर बसला. त्याने हलगी आप्पांच्या कानाजवळ धरली, काडी बाजूला ठेवली आणि बोटाने वाजवलं. एक. दोन. तीन. चार. मग बोट हवेतच धरलं. ते पुढचे ठोके द्यायला धडपडत होतं. त्याने दुसऱ्या हाताने ते मुठीत गच्च आवळलं.

"आप्पा," तो म्हणाला, "हितं किती थांबायचं वो? एकदा सांगा की."

करीमने तोंड फिरवलं. खांदेकरी तिरडीला हात न लावता उभे राहिले. आकाराम वडिलांच्या तोंडाकडे बघत होता, उत्तर ऐकू येईल अशा आशेने.

मागे पारावर मोबाईलवर ते गाणं लागलं आणि कुणीतरी शिट्टी मारली. बरोबर त्या मोकळ्या जागेवर.