न पाहता घेतलेली साडी

सुरतच्या नणंदेने ऑनलाइन गिफ्टच्या दुकानातून पाठवलेला खोका उघडला आणि कमलबाईंनी नाक मुरडलं. आत साडी, वर चकचकीत रिबीन आणि 'प्रिय वहिनीस' असं छापलेलं कार्ड.

"शी! बठ्ठा देखावा शे, सगळा नुसता देखावा," त्या सुनेला म्हणाल्या. "मोबाइलवर बोट फिरवलं, झालं प्रेम! ना पदर पाहिला, ना पोत चोळून बघितला. असं न पाहता घेतलेलं माणसाला देववतं तरी कसं? किळस येते मला!"

साडी त्यांच्या आवडत्या मोरपंखी रंगाची होती. तरी त्यांनी ती दोन बोटांनी उचलली आणि खोक्यात परत टाकली.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नणंद माहेरी येणार होती. तिच्या साडीसाठी दुसऱ्याच दिवशी त्या सुनेला घेऊन शिंदखेड्याहून धुळ्याला गेल्या आणि ओळखीच्या दुकानात गादीवर ऐसपैस बसल्या. "आता बघ, साडी कशी घेतात ते."

दुकानदाराने विचारलं, "अक्का, घरात नेसायला दाखवू, की देण्याघेण्यातली?"

 

"देण्याघेण्यातलीच, भाऊ. कोणतीही एक बांधून द्या, उलगडत नका बसू."