गुपचूप आणलेलं झाड

नवरा पाणी पाजून पाजून झाडं मारत असे, म्हणून या खेपेला बायकोने गुपचूप प्लास्टिकचं आणलं, पट्ट्यापट्ट्यांच्या पानांचं. तो रोज त्याला पेलाभर पाणी घाली आणि ती तोंड फिरवून हसे. पाणी जातं कुठे, हे तिच्या डोक्यात कधी आलंच नाही.

"अगं, रात्री हे पानं मिटून झोपतं, बघ तरी!"

"मग अंगाई गा की त्याला!" हसून हसून तिची मुरकुंडी वळली.

आज तो भावाकडे गेला होता. दिवे लावताना तिने सहज पाहिलं, तर सगळी पानं मिटलेली. दोऱ्याने बांधून ठेवलीत वाटतं लबाडाने! दोरा शोधायला तिने पानात बोट घातलं.

पान बोटाभोवती हळूच मिटलं. आतून ते उबदार होतं.