लग्नपत्रिकेच्या दोन पट्ट्या

सांगलीतल्या हौशी फोटोग्राफरांच्या बैठकीत भरतेशसरांच्या दोन पट्ट्यांचा धाक होता. लग्नपत्रिकेतून कापलेल्या त्या काटकोनी पट्ट्या ते फोटोवर ठेवून नको तेवढं झाकत. गेल्या वर्षी नवख्या ब्राह्मीचा अख्खा फोटोच झाकला गेला, तेव्हा ती रडली होती. आज तिनं बेदाणा निवडताना खळखळून हसणाऱ्या बाईचा फोटो मांडला. सरांनी आभाळ झाकलं, शेडचे पत्रे झाकले. तिनं मान डोलावली. पट्टी कडेला अर्ध्याच दिसणाऱ्या म्हातारीवर आली, तशी ब्राह्मीनं बोट आडवं धरलं. “न्हाई सर. म्हातारी झाकली तर बाई कशापायी हसतीया, कळायचं न्हाई. गोष्ट तीच सांगतीया.” सरांनी पट्टी उचलून घेतली. मग पहिल्यांदाच त्यांनी स्वतः काढलेला औंधच्या डोंगराचा फोटो टेबलावर ठेवला आणि पट्ट्या तिच्या हातात दिल्या. “बघ. भीड ठेवू नको.” ब्राह्मीनं आधी आभाळ झाकलं.